कावळ्यांपासून दही राखायचं म्हणजे

संस्कृत शास्त्रग्रंथांत एक वाक्य पिढ्यानपिढ्या उदाहरणादाखल येत राहिलं आहे : ‘काकेभ्यो दधि रक्ष्यताम्’. कावळ्यांपासून दही राख. घरातलं मोठं माणूस बाहेर जाताना पोराला एवढंच सांगून जातं. मागे कावळा फिरकतच नाही, मांजर येतं. आता पोरानं काय करायचं? ‘मला कावळ्याचंच सांगितलं होतं’ म्हणून मांजराला दही चाटू द्यायचं? कुठलंही शहाणं पोर तसं करणार नाही. सांगणाऱ्याचा जीव दह्यात होता, हे त्याला न सांगता कळतं. कावळा त्या वाक्यात दही नासवणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं आलेला आहे. शास्त्रकार याला उपलक्षण म्हणतात.

न्यायाधीशापुढे रोज हेच दही आणि हेच मांजर असतं. संसदेनं किंवा विधिमंडळानं काही शब्द लिहून ठेवलेले असतात, लिहिणारे निघून गेलेले असतात, आणि त्यांच्या मनातही न आलेला प्रसंग कोर्टात उभा राहतो. मग शब्द धरायचा की हेतू, असा वाद सुरू होतो. हा वाद मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. माझ्या मते न्यायाधीशानं स्वतःला एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : मी लावतोय तो अर्थ या शब्दांना पेलतो का? कोशात किंवा वकिलाच्या युक्तिवादात पेलून भागत नाही, ज्यांच्यासाठी कायदा केला त्या माणसांच्या तोंडी तो पेलायला हवा. पेलत असेल, तर कायद्याचा हेतू पूर्ण करणारा अर्थ न कचरता लावावा. पेलत नसेल, तर तो अर्थ कितीही कल्याणकारी असो, कायद्यात तो नाही असं उघड सांगावं आणि पुढचं जे काही करायचं ते उघडपणे करावं.

पेलणं म्हणजे काय, हे अकोल्याच्या एका पानाच्या व्यापाऱ्यानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेल्या खटल्यात छान दिसतं. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. विड्याच्या पानांनाही सुरुवातीला माफी होती, पण यादीत त्यांची नोंद वेगळी होती. १९४८ मध्ये ती नोंद वगळली गेली आणि पानांवर कर आला. व्यापाऱ्याचं म्हणणं, पान वेलीला येतं, वनस्पतीचाच भाग आहे, म्हणजे ते भाजीतच धरा. कायद्यातला इंग्रजी शब्द कोशात पाहिला तर त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थानं घ्यायचा नसतो, रोजच्या व्यवहारात लोक घेतात त्या अर्थानं घ्यायचा असतो. शिवाय पानांची नोंद आधी भाज्यांहून वेगळी होती आणि ती मुद्दाम काढली, यावरूनही कायदा करणाऱ्यांचं मन कळत होतं. घरून ‘भाजी आण’ म्हणून पिशवी दिली आणि कोणी विड्याची पानं घेऊन आलं, तर घरात काय म्हणतील? एवढ्यावर तो खटला निकाली निघू शकत होता, आणि एका परीनं तसाच निघाला. कर लावताना खोबरेल तेल खाण्याचं धरायचं की केसांचं, हा वाद मात्र पुढे वर्षानुवर्षं चालला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही आणि २०२४ च्या डिसेंबरात तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की बाटली लहान आहे एवढ्यावरून खोबरेल खाद्यतेल राहत नाही असं म्हणता येणार नाही. कोकणातल्या स्वयंपाकघरात हे कोणी विचारलंही नसतं.

पान आणि तेलाच्या खटल्यांत पैसा पणाला लागलेला असतो. माणूस पणाला लागतो तेव्हा हीच कसोटी जीवघेणी होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ मधला निकाल वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. घटना २०१६ सालची, नागपुरातली. एका माणसानं बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेलं आणि कपड्यांवरून तिच्या अंगाला हात लावला. सत्र न्यायालयानं बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो त्याखाली, तीन वर्षांची शिक्षा दिली होती. या कायद्याचं कलम ७ दोन भागांचं आहे. लैंगिक हेतूनं मुलाच्या शरीराच्या ठरावीक भागांना केलेला स्पर्श हा पहिला भाग, आणि लैंगिक हेतूनं केलेली, शारीरिक संपर्क असलेली अन्य कोणतीही कृती हा दुसरा. खंडपीठाचं म्हणणं पडलं, की मुलीच्या अंगावर कपडे होते, त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून हा या कलमातला अपराध होत नाही. पॉक्सोखालची शिक्षा गेली, भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खाली विनयभंगाची एक वर्षाची राहिली.

या निकालावर टीका झाली तेव्हा काही जाणत्या लोकांनी त्याची बाजू घेतली. न्यायमूर्ती शब्दाला धरून राहिल्या, भावनेच्या भरात वाहून गेल्या नाहीत, असं ते म्हणत होते. मला ते पटलं नाही, कारण इथे शब्दाला धरून राहणं घडलंच नव्हतं. कलम पुन्हा वाचून पाहा. त्यात त्वचा कुठे आहे? थेट स्पर्श, उघडं अंग, असं काही कुठे आहे? ‘स्पर्श’ एवढाच शब्द आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचा रोजचा शब्द आहे. गर्दीच्या लोकलमध्ये, एसटीत कोणी अंगाला हात लावला तर बाई ‘हात लावलास’ म्हणते. मध्ये पदर होता की ओढणी, याचा हिशेब ती करत नाही. शाळेत लहान मुलांना चांगला आणि वाईट स्पर्श ओळखायला शिकवतात, तेव्हा कुठलीही शिक्षिका कपड्यांवरचा स्पर्श बाजूला काढून ठेवत नाही. हा कायदा ज्या मुलांसाठी केला, त्यांच्या भाषेत स्पर्शाचा अर्थ स्वच्छ होता. त्वचेची अट न्यायालयानं बाहेरून आणून शब्दाला जोडली.

सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी हातमोज्यांचं उदाहरण दिलं : उद्या कोणी हातमोजे घालून हेच केलं तर तो सुटणार का? १८ नोव्हेंबर २०२१ ला न्यायमूर्ती लळित, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांच्या पीठानं नागपूरचा निकाल रद्द केला आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू केली. कायद्याचा हेतूच नासेल असा संकुचित अर्थ लावता येणार नाही, हे त्यांच्या निकालाचं सूत्र होतं. चांगलं झालं. पण मला त्या निकालाचं महत्त्व आणखी एका कारणानं वाटतं. हेतू आणि शब्द यांची इथे झटापट नव्हतीच. दोघं एकाच दिशेला चालले होते आणि आडवा आलेला शब्द कायद्यातला नव्हताच.

आरोपीच्या बाजूनं एक युक्तिवाद होता आणि तो मी हलका मानत नाही. फौजदारी कायदा तंतोतंत वाचायचा, शंका असेल तर तिचा फायदा आरोपीला द्यायचा, हा जुना नियम आहे. तो गरिबाचं रक्षण करतो. पोलिसांच्या हाती कलम पडतं तेव्हा ते ताणलं गेलं तर सगळ्यांत आधी कोण भरडलं जातं, हे आपल्याला माहीत आहे. दह्याच्याच भाषेत सांगायचं तर ‘दही राख’ म्हणणं वेगळं आणि ‘कावळा दिसला की दगड मार’ म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्यावरून मांजराला दगड मारायची परवानगी मिळत नाही. पण हा नियम वापरायला आधी कलमात खरी शंका असावी लागते. नागपूरच्या निकालात एक वाक्य असं आहे, की शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही अधिक कडक हवा. त्यात न्यायाधीशाची खरी अडचण दिसते. कायद्यानं किमान तीन वर्षं ठरवून टाकली आहेत, त्याखाली जाता येत नाही, आणि समोरच्या प्रकरणात ती कोणाला जास्त वाटू शकतात. तसं वाटत असेल तर तेच लिहावं. किमान शिक्षेची सक्ती न्यायाधीशाचे हात बांधते, संसदेनं तिचा फेरविचार करावा, असं म्हणावं. शिक्षा जड वाटते म्हणून अपराधाची व्याख्या आकसवली, की त्या व्याख्येबाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीला त्याची किंमत मोजावी लागते.

हेतूचं बोट धरून न्यायालय फार पुढे गेलं असंही होतं. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाची १९९० ची निवडणूक आणि तिच्यावरचा निकाल २ जानेवारी २०१७ चा, हे अंतरच थक्क करणारं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये ‘त्याच्या’ धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या कारणावरून मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरवलेला आहे. ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? उमेदवाराच्या, की मतदाराच्याही? सात न्यायमूर्ती बसले. चौघांनी निवडणुका धर्मनिरपेक्ष राहाव्यात हा हेतू पुढे ठेवून मतदारही त्यात घेतला. न्यायमूर्ती चंद्रचूड, गोयल आणि लळित या तिघांनी, वाक्यात ज्याच्यासाठी मत मागितलं जातंय त्याच्याकडेच ‘त्याच्या’ बोट दाखवतो असं म्हटलं. मी अल्पमताच्या बाजूचा आहे. भ्रष्ट आचार सिद्ध झाला तर निवडून आलेल्याचं पद जातं, सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. म्हणजे हे दगड मारण्याचं कलम आहे. शिवाय जातीमुळे सोसलेला अन्याय मतदारांपुढे मांडायचा नाही तर निवडणुकीत मांडायचं काय, हा अल्पमतातला मुद्दा बहुमताला खोडता आला असं मला वाटत नाही. हेतू उदात्त होता. पण तो एवढा उंच होता की त्याखाली काहीही बसवता आलं असतं.

आता ज्या निकालाबद्दल लिहायला मला जड जातं त्याकडे येतो, कारण त्याचं स्वागत करणाऱ्यांत मीही होतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा नैसर्गिक पालक कोण, ते सांगितलं आहे : वडील, आणि त्यांच्यानंतर आई. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीनं मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं आणि पालक म्हणून आईनं सही करायची असं दोघांनी मिळून ठरवलं. बँकेनं वडिलांची सही मागितली. कायदा पाहता बँकेची तरी काय चूक होती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल आला. न्यायालय म्हणालं, ‘नंतर’ याचा अर्थ मृत्यूनंतर असाच घ्यायला नको. वडिलांच्या अनुपस्थितीत असाही घेता येतो. वडील मुलाकडे अजिबात लक्ष देत नसतील, दूर असतील, आजारानं असमर्थ असतील, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर आई पालक. असा अर्थ घेतला की कलम घटनेतल्या समानतेशी जुळतं आणि ते रद्द करायची वेळ येत नाही.

आपल्याकडे ‘माघारी’ हा शब्द आहे. ‘माझ्या माघारी घर सांभाळ’ असं चार दिवस गावाला जाणाराही म्हणतो आणि अंथरुणावर पडलेला म्हातारा बापही म्हणतो. कायद्यात असा शब्द असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण कायदा ‘त्यांच्यानंतर’ म्हणतो, आणि १९५६ साली ज्यांनी ते लिहिलं त्यांना काय म्हणायचं होतं याबद्दल मला तरी शंका नाही. त्यांना बाप पहिला आणि आई मागाहून असंच म्हणायचं होतं. ते अन्यायाचं होतं, पण स्पष्ट होतं. ही गोष्ट मांजराची नव्हती. इथे घरातल्या मोठ्यानं सरळ ‘कावळ्यांना दही घाल’ असंच सांगितलेलं होतं. अशा वेळी राखणदारानं ‘त्यांना राख असंच म्हणायचं असणार’ असं मनाशी म्हणू नये. हा हुकूम घटनेच्या वरच्या हुकुमाला धरून नाही, म्हणून मी तो मोडीत काढतो, असं म्हणावं.

कारण ओढूनताणून अर्थ लावला की अन्याय पुरता जात नाही, थोडा आत सरकून बसतो. त्या निकालानंतरही क्रम तसाच राहिला. बाप हजर असेल, धडधाकट असेल, मुलाकडे लक्ष देत असेल आणि दोघांत काही ठरलेलं नसेल, तर पहिला पालक तोच. आईला पालक व्हायचं तर आधी बापाची अनुपस्थिती दाखवावी लागणार. कलम रद्द झालं असतं तर संसदेला नवं लिहावं लागलं असतं. ते वाचवलं गेलं, म्हणून कोणालाच काही करावं लागलं नाही.

शिवाय छापील शब्द जसेच्या तसे राहिले. एका बँकेच्या शाखेत मी स्वतः एक आई परत फिरताना पाहिली आहे. मुलाचं खातं उघडायचं होतं, नवरा परगावी कामाला. खिडकीतल्या माणसानं तिच्याशी अरेरावी केली नाही. त्यानं आपल्याकडचा कागद दाखवला, त्यावर वडिलांच्या सहीची जागा होती. तिथे रांगेत उभं राहून त्याला १९९९ चा निकाल सांगणं किती निरर्थक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. निकाल वकील वाचतात. खिडकीवर कलम वाचलं जातं, किंवा कलमावरून छापलेला फॉर्म.

दुसरा रस्ता अवघड आहे असं कोणी म्हणू नये, कारण त्याच न्यायालयानं तो पुढे घेतला. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तक्रार कोणाविरुद्ध करता येईल याची व्याख्या ‘प्रौढ पुरुष’ अशी होती. मुंबईतल्या एका आई-मुलीला घरातल्या बायकांविरुद्धही दाद मागायची होती. मुंबई उच्च न्यायालयानं व्याख्येला मुरड घालून, मुख्य प्रतिवादी पुरुष असेल तर त्याच्यासोबत बायकाही येऊ शकतात, असा मधला मार्ग काढला. ६ ऑक्टोबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. शब्द इतके स्पष्ट आहेत की त्यांना मुरड घालता येत नाही, असं सांगून त्यांनी ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. त्या निकालातलं सगळं मला पटतं असं नाही, पण त्यातला सरळपणा मला मोलाचा वाटतो. न्यायालयानं काय केलं ते कोणालाही एका वाक्यात कळतं.

मी शब्दांना कुलूप लावायला निघालो आहे असा यावरून कोणी अर्थ काढू नये. घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालानंतर १९८६ साली मुस्लिम महिलांसाठी केलेल्या कायद्यात, घटस्फोटितेसाठी नवऱ्यानं ‘इद्दतीच्या मुदतीत’, म्हणजे घटस्फोटानंतर पुनर्विवाहाआधी थांबायच्या काळात, वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी, असे शब्द आहेत. म्हणजे तीन-एक महिन्यांपुरताच खर्च, असं पुष्कळांनी गृहीत धरलं होतं. पण ‘मुदतीत’ आणि ‘मुदतीपुरती’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. महिनाभरात घर बांधून दे म्हटलं, म्हणून ते महिनाभरच टिकायचं असं होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००० साली आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००१ मध्ये नेमकं हेच धरलं : तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. हे ताणणं नव्हतं. एका विभक्तिप्रत्ययाकडे नीट पाहिल्यावर हजारो बायकांच्या भाकरीचा प्रश्न त्यात दिसला, आणि प्रत्ययानं तो भार खरोखर पेलला.

नीट वाचण्याची ही चिकाटी मला न्यायाधीशांकडून हवी आहे. आणि शब्द पेलत नसतील तिथे थांबण्याची हिंमतही हवी आहे, कारण न्यायालयानं गुपचूप दुरुस्त करून घेतलेला कायदा संसदेला आळशी करतो. विधी आयोगानं २०१५ मधल्या आपल्या २५७व्या अहवालात पालकत्वाच्या या कलमातला वडिलांचा अग्रक्रम काढायला सांगितलं. कलम ६ तिथेच आहे, त्याच शब्दांत. आई आणि वडील दोघंही सारखेच नैसर्गिक पालक, एवढं लिहायला एका ओळीचं विधेयक पुरेल. सभागृहात त्याला विरोध करायला कोण उभं राहील, याची मला कल्पना करता येत नाही. तरीही १९९९ पासून ती ओळ लिहिली गेलेली नाही, आणि खिडकीवरचा फॉर्म अजून वडिलांची सही मागतो.